पत्रिकेवरचा लोकेशनचा क्यूआर चालत नाही किंवा भलतीकडे नेतो: काय काय तपासायचं

पुण्याच्या पेठेत लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि दुकानांच्या पाट्यांची कामं करताना हल्ली सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच गोष्टीसाठी: ‘तुमचा तो लोकेशनचा क्यूआर चालत नाहीये.’ फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा पत्रिका वाटून झालेल्या असतात आणि मुहूर्त जवळ आलेला असतो. म्हणून ही तपासणी लिहून ठेवतोय. छापण्याआधी वाचलीत तर उत्तम. छापून झालं असेल तरी बरंच काही दुरुस्त करता येतं.

तक्रार नेमकी काय आहे ते आधी ओळखा

‘चालत नाही’ हे सगळेच म्हणतात, पण त्यामागे वेगवेगळ्या गोष्टी असतात:

फोन चौकोनावर धरला तरी काहीच होत नाही.
‘अवैध क्यूआर’ असा लाल संदेश येतो.
काहीतरी उघडतं, पण मुदत संपल्याचं पान, जाहिरात किंवा ‘परवानगी मागा’ असं दिसतं.
नकाशा उघडतो, पण रस्ता धायरीतल्या कुठल्याशा सोसायटीपासून सुरू होतो आणि पाहुणे तर हडपसरहून निघालेले असतात.
पिन मंगल कार्यालयाच्या आसपासच दिसते, पण मागच्या गल्लीत किंवा नदीच्या बाजूला.
पिन भलत्याच तालुक्यात, नाहीतर थेट समुद्रात.
पिन बरोबर आहे, पण नकाशा गाडी घालतो ती बंद रस्त्यावर.

क्यूआरला नकाशा कळत नाही. त्या चौकोनात फक्त अक्षरं साठवलेली असतात, आपल्या बाबतीत एक लिंक. ती लिंक एका पिनकडे नेते आणि त्या पिनपर्यंतचा रस्ता नकाशाचं ॲप त्या क्षणी शोधतं. म्हणजे चौकोन, लिंक, पिन आणि रस्ता अशा चार जागी बिघाड असू शकतो. लोक थेट चौकोनावर खापर फोडतात आणि पत्रिका पुन्हा छापायला निघतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक प्रकरणांत चौकोन ठणठणीत होता, चूक लिंकमध्ये किंवा पिनमध्ये होती. तीच चुकीची लिंक घालून पुन्हा छापलं तर खर्च दुप्पट आणि पाहुणे पुन्हा तिथेच.

पैसे न खर्चता पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

‘अवैध क्यूआर’ असा संदेश आला तर पहिला प्रश्न: कशाने स्कॅन केलं? यूपीआय 2016 मध्ये आलं आणि भाजीवाल्यापासून मेडिकलपर्यंत सगळीकडे चौकोन दिसला की पैशांचं ॲप उघडायची सवय लागली. घरातले आजी-आजोबा पत्रिकेवरचा चौकोनही त्याच ॲपने स्कॅन करतात. ते ॲप आत पैसे पाठवायचा पत्ता शोधतं, त्याला नकाशाची लिंक मिळते, आणि ते नाकारतं. क्यूआर निर्दोष असतो. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने किंवा गूगल लेन्सने बघायला सांगा. आयफोनच्या कॅमेऱ्यात ही सोय 2017 पासून आहे. माझं ठाम मत आहे की प्रत्येक लोकेशनच्या चौकोनाखाली ‘कार्यालयाचा नकाशा: फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा’ ही ओळ छापलीच पाहिजे. या एका ओळीने निम्मे फोन कमी होतात.

काहीच होत नसेल तर दुसरा फोन घ्या, भिंग पुसा आणि पत्रिका ट्यूबलाइटच्या थेट खाली न धरता थोडी तिरकी करा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा पट्टा पडला की त्याखालचे ठिपके कॅमेऱ्याला दिसत नाहीत. घडी नेमकी चौकोनावरून गेली असेल तर कागद सपाट करून बघा. इथे एखाद्या फोनवर जरी स्कॅन झालं, तरी चौकोनात अक्षरं आहेत आणि ती वाचता येतात एवढं नक्की होतं. मग पुढे छपाईवर वेळ घालवू नका, लिंककडे वळा.

लिंक वाचा, नुसती उघडू नका

स्कॅन केल्यावर फोन आधी लिंकचा पत्ता दाखवतो. तो वाचायची सवय लावा, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

पत्त्यात नकाशाचं नाव नसून क्यूआर बनवून देणाऱ्या एखाद्या वेबसाइटचं नाव दिसलं, तर तो ‘डायनॅमिक’ क्यूआर आहे. त्यात तुमच्या कार्यालयाची लिंक नसते. त्या वेबसाइटची लिंक असते आणि ती वेबसाइट पुढे नकाशाकडे पाठवते. अशा बऱ्याच ठिकाणी मोफत मुदत थोड्या दिवसांची असते. पत्रिका लग्नाच्या दीड-दोन महिने आधी छापली जाते, म्हणजे ऐन लग्नात मुदत संपलेली. ज्याने क्यूआर बनवला त्याला त्याच खात्यात लॉगिन करायला सांगा. पैसे भरून खातं चालू झालं तर छापलेला चौकोन तसाच पुन्हा चालतो. लॉगिन सापडत नसेल तर हा क्यूआर वाचवता येत नाही, त्यावर आणखी वेळ घालवू नका. ‘स्टॅटिक’ क्यूआरला मुदत नसते, कारण लिंक ठिपक्यांतच छापलेली असते. लग्नासाठी मी स्टॅटिकच देतो. छापल्यावर जागा बदलण्याची खरोखर शक्यता असेल तरच डायनॅमिक घ्यावा, तोही लग्नाच्या तारखेपुढेपर्यंत पैसे भरलेला.

‘परवानगी मागा’ असं दिसलं तर कुणीतरी स्वतःच्या गूगल खात्यात बनवलेला खासगी नकाशा शेअर केला आहे. बनवणाऱ्याच्या फोनवर तो उघडतो कारण तो त्याचाच आहे. म्हणून चाचणी नेहमी दुसऱ्याच्या फोनवर करायची. तो नकाशा सर्वांसाठी खुला केला की प्रश्न सुटतो, पुन्हा छापायची गरज नाही.

‘लोकेशन शेअरिंग’ची लिंकही अशीच फसवते. ती माणूस कुठे आहे ते दाखवते, जागा नाही, आणि ठरावीक वेळाने बंद पडते. व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या ‘करंट लोकेशन’मध्ये वेगळीच अडचण आहे. पाठवणारा त्या क्षणी जिथे बसला होता ती जागा त्यात असते. मुलीचे वडील कार्यालय ठरवून घरी आले आणि सोफ्यावर बसून करंट लोकेशन पाठवलं, तर पाहुणे त्यांच्या घरी पोहोचणार.

आता सगळ्यात जास्त आढळणारी चूक. कुणीतरी घरी कंप्युटरवर कार्यालयाचा रस्ता शोधतो, घरापासून कार्यालयापर्यंतची निळी रेघ येते आणि वरच्या पट्टीतली पूर्ण लिंक उचलून क्यूआर बनवतो. त्या लिंकमध्ये सुरुवातीची जागाही असते. ज्याने स्कॅन केलं त्याला तोच रस्ता दिसतो, बनवणाऱ्याच्या घरापासून. पाहुण्यांचा गोंधळ होतो तो वेगळाच, शिवाय घराचा पत्ता छापून शेकडो लोकांना वाटला जातो. त्याच घरातले सगळे लग्नाच्या दिवशी कार्यालयात असणार, हेही लक्षात घ्या. लिंकमध्ये फक्त पोहोचायची जागा हवी. सुरुवातीची जागा रिकामी सोडली की नकाशा पाहुण्याच्या फोनची जागा आपोआप धरतो.

त्याच वरच्या पट्टीत आणखी एक सापळा आहे. लिंकमध्ये ‘@’ या खुणेपुढे अक्षांश-रेखांश दिसतात आणि लोक तेच आकडे उचलतात. ते आकडे पिनचे नसतात. त्या वेळी पडद्यावर जो भाग दिसत होता त्याच्या मध्याचे असतात. नकाशा थोडा सरकवला की आकडे बदलतात, पिन मात्र जागच्या जागी. ‘पिन दोनशे मीटर बाजूला’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. बरोबर आकडे हवे असतील तर फोनवर नकाशा मोठा करून प्रवेशद्वारावर बोट दाबून धरा. लाल पिन पडते आणि आकडे शोधायच्या पट्टीत येतात. तेच घ्या.

आकडे तपासा

पुणे साधारण 18.52 उत्तर, 73.85 पूर्व इथे आहे. नकाशात आधी अक्षांश, मग रेखांश लिहितात. पुण्यातल्या कुठल्याही जागेचा पहिला आकडा 18 ने आणि दुसरा 73 किंवा 74 ने सुरू झाला पाहिजे. अदलाबदल झाली तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या खालच्या थंड समुद्रात पडते. हे हसण्यावारी नेऊ नका, छापलेल्या कार्डांवर मी हे पाहिलं आहे. काही सॉफ्टवेअर आधी रेखांश देतात, त्यामुळे तिथून आकडे घेतले की हे होतं.

अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळही होते. 18 अंश 31 मिनिटं म्हणजे 18.31 नव्हे, 18.517. मिनिटांना 60 ने भागायचं. हा फरक नकाशावर तेवीसेक किलोमीटरचा आहे: शहरातलं कार्यालय थेट दक्षिणेला भोर तालुक्याच्या बाजूला जाऊन पडतं.

दशांशाचे किती आकडे घ्यायचे? दोन घेतले तर किलोमीटरभर अंतर इकडेतिकडे होतं, तीन घेतले तर शंभरेक मीटर, चार घेतले तर दहा-अकरा मीटर, पाच घेतले तर मीटरभर. पाच पुरेत. त्यापुढे लिंक नुसती लांबते.

आकड्यांऐवजी लिखित पत्ता घालून बनवलेल्या लिंकवर पुण्यात अजिबात विसंबू नका. ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, वडगाव बुद्रुक’ असा पत्ता सातबाऱ्याला ठीक आहे, नकाशाला तो सापडत नाही. मग तो जवळपास काहीतरी जुळवतो, नाहीतर गावाच्या मधोमध पिन टाकतो. एकाच नावाची दोन-तीन कार्यालयं असतील तर आणखी गोंधळ.

पिन फाटकावर आहे का?

ही तपासणी घरबसल्या होत नाही. एकदा तिथे जावं लागतं आणि त्यासाठी वेळ काढाच. नकाशातली पिन बहुधा इमारतीच्या किंवा प्लॉटच्या मध्यावर असते आणि ॲप गाडीला त्या बिंदूच्या जवळच्या रस्त्यावर नेतं. लहान दुकानाला याने फरक पडत नाही. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यातल्या डीपी रोडवरच्या लॉन्सना पडतो. प्लॉट रस्त्यापासून नदीपर्यंत लांबच लांब. पिन मागे सरकली तर पाहुणे भलत्याच कुंपणापाशी येऊन उभे राहतात, आतला मांडव दिसतो, सनई ऐकू येते, आणि आत जायला वाट नाही. नऊवारी नेसलेल्या आजींना तिथून वळसा घालून चालत आणावं लागतं तेव्हा ही बारीक गोष्ट राहत नाही.

बायपासला तर पिनची जागा मीटरमीटरने महत्त्वाची आहे. वारजे, बावधन, बाणेर, नऱ्हे इथे महामार्गाला लागून सर्व्हिस रोड आहे आणि कार्यालयाचं फाटक सर्व्हिस रोडवर असतं. पिन जरा महामार्गाकडे झुकली की ॲप गाडीला मुख्य मार्गावर नेतं आणि ‘पोहोचलात’ म्हणतं. मधे कठडा. मग पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन परत. इथे पिन मुद्दाम फाटकाच्या थोडी आत, महामार्गापासून लांब टाकावी. पेठांत वाड्याचा दर्शनी भाग एका रस्त्याला आणि गाड्यांचं फाटक मागच्या बोळात असतं, तिथे गाड्यांच्या फाटकावर पिन टाका.

फाटकावर उभं राहून आकडे घ्यायचे आणि ते उघड्यावर घ्यायचे. आत हॉलमध्ये उभं राहून फोनची जागा पंचवीस-तीस मीटरने सहज चुकते. नकाशातला निळा ठिपका आणि त्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघा. वर्तुळ मोठं असेल तर आकडे घेऊ नका, थोडं थांबा. त्यानंतर दोन दिशांनी येऊन बघा, एकदा स्वारगेटकडून, एकदा शिवाजीनगरकडून. लक्ष्मी रोड, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता असे एकेरी रस्ते जवळ असतील तर एका दिशेने बरोबर चालणारी पिन दुसऱ्या दिशेने मोठा वळसा घालायला लावते.

मग छपाईकडे या

सगळे फोन अडखळत असतील तरच चौकोन दोषी. जपानच्या डेन्सो वेव्हने 1994 मध्ये हा कोड मोटारीच्या सुट्या भागांवर लावायला काढला. तेलकट, खरचटलेल्या लेबलवरही वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची सोय आहे, पण तिला मर्यादा आहेत.

पहिलं, मोकळी जागा. चौकोनाच्या चारही बाजूंना चार ठिपक्यांएवढी कोरी पट्टी लागते. पत्रिकेत नक्षीची वेल चौकोनाला चिकटवली की कॅमेऱ्याला कडच सापडत नाही.

दुसरं, गर्दी. लिंक जितकी लांब तितके ठिपके जास्त. फक्त पोहोचायची जागा आकड्यांत दिलेली लिंक सत्तर-एक अक्षरांची होते आणि 37 बाय 37 ठिपक्यांत मावते. कोऱ्या पट्टीसकट दोन सेंटिमीटरमध्ये छापली तर एक ठिपका जवळजवळ 0.44 मिलिमीटरचा होतो. वरच्या पट्टीतून उचललेली दोनशे अक्षरांची लिंक 57 बाय 57 मागते आणि ठिपका 0.31 वर येतो. टेक्स्चरच्या कागदावर तो शाईत बुजतो. लिंकमध्ये कार्यालयाचं नाव मराठीत असेल तर आणखी वाईट, कारण देवनागरीतला एकेक वर्ण किंवा मात्रा तिथे नऊ अक्षरांची जागा खाते. पत्रिकेवर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान चौकोन मी देत नाही. फ्लेक्सवर साधा हिशोब: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या भागाएवढी बाजू. तीन मीटरवरून बघणार असाल तर तीस सेंटिमीटर.

तिसरं, रंग. मरून कार्डावर सोनेरी फॉइलमध्ये चौकोन सुंदर दिसतो, आणि फोनला तो आरशासारखा लागतो. गडद पार्श्वभूमीवर फिका चौकोन काही स्कॅनर वाचतच नाहीत. पांढऱ्यावर काळा, तोही ऑफसेट छपाईत फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर. डिझायनर कोरल या सॉफ्टवेअरमध्ये चार रंग मिसळून केलेला काळा ठेवतात, रजिस्टर (म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर हललं की प्रत्येक ठिपक्याला गुलाबी-निळी कड येते. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, भिंग धरलं तर लगेच दिसते. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो ताणून मोठा करू नका, त्याच्या कडा आधीच पुसट झालेल्या असतात. पीडीएफ किंवा व्हेक्टर फाईल (मोठी केली तरी कडा न बिघडणारी) मागा.

मध्ये गणपती घालायचा असेल तर दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची, ‘एच’, निवडा. ती तीसेक टक्के नुकसान सोसते, पण त्याने ठिपके वाढतात, म्हणजे चौकोनही मोठा हवा. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन कधीही झाकू नका. गणपती पत्रिकेच्या माथ्यावर असतोच, चौकोनात नसला तर काही बिघडत नाही.

पत्रिका छापून झाल्या असतील तर बरोबर क्यूआरचं मॅट स्टिकर जुन्या चौकोनावर पूर्ण झाकेल असं लावा. ज्या पत्रिका गेल्या, त्या घरांना बरोबर लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. सगळं पुन्हा छापण्याची वेळ क्वचित येते.

इथे थांबा आणि संबंधिताला बोलवा

पिन बरोबर आहे आणि तरी रस्ता चुकतो, तर तुमच्या हातात काही नाही. नवा उड्डाणपूल, बदललेली एकेरी वाहतूक, अनंत चतुर्दशीला बंद असलेले रस्ते किंवा खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर बंद झालेला भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता, हे क्यूआर बदलून सुटत नाही. नकाशात चूक नोंदवा आणि पत्रिकेवर एक ओळ लिहा: ‘अमुक पुलावरून या, अमुक शाळेच्या शेजारचं फाटक.’ ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्यालाही ती उपयोगी पडते.

गूगलवरची कार्यालयाची नोंदच चुकीच्या जागी असेल किंवा ‘कायमचं बंद’ दाखवत असेल, तर बाहेरून सूचना करता येते, पण लवकर दुरुस्ती हवी तर ती नोंद ज्याच्या ताब्यात आहे त्या मालकालाच सांगा. तोवर नोंदीची लिंक न देता आकड्यांची लिंक द्या.

स्टॅटिक क्यूआर कच्च्या प्रूफवर वाचला जातो आणि छापील पत्रिकेवर नाही, तर फाईलशी खेळत बसू नका. प्रूफ आणि छापील प्रत दोन्ही घेऊन प्रेसवर जा. बिघाड प्लेट, शाई किंवा लॅमिनेशनचा आहे आणि तो मशीनवरच कळतो.

आणि दुकानाच्या पाटीवरचा चौकोन स्कॅन केल्यावर नकाशाऐवजी पैसे मागणारं किंवा ओटीपी विचारणारं पान आलं, तर पाटीवरून नख फिरवून बघा. कुणी वरून स्टिकर चिकटवलेलं असू शकतं. त्या पानावर काहीही भरू नका, स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि मगच ते काढा. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तिथे पहिल्या काही तासांना फार किंमत असते.